जरा ॲडजस्ट करा, मॅडम

"मॅडम, तुम्ही राहू द्या. तुम्ही आपलं जाळाकडे बघा. जरा ॲडजस्ट करा."

अक्का एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हसूनच म्हणाल्या. आणि माझ्या हातातला लाकडी दांडा काढून घेतला. हिसकावला नाही. लहान मुलाच्या हातातला विळा काढून घेतात तसा काढून घेतला.

डिसेंबर महिना होता. आमच्या शाळेची भरीत पार्टी होती. बोदवडपासून थोड्या अंतरावर एका गावात माध्यमिक शाळा आहे, तिथे मी इंग्रजी शिकवते. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात. दर हिवाळ्यात त्यांच्या शेतात पार्टी होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर हिरवी लांबट वांगी भाजायची. सालं काढायची. मग बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मिरच्या-लसूण घालून ती दांड्याने ठेचायची. वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत आणि पुरी. खान्देशात राहून ज्याने हे खाल्लं नाही त्याचा हिवाळा वाया गेला, असं आम्ही मानतो.

त्या शाळेतलं माझं चौथं वर्ष. आधीच्या तीनही पार्ट्यांत मी वांगी भाजायला होते. कुणी सांगितलं होतं असं नाही. पहिल्या वर्षी हेडसर म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाळ छान सांभाळता." दुसऱ्या वर्षी विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारखी वांगी कोणाला भाजता येत नाहीत बाई." मी फुशारून गेले. घरून जुना सुती दुपट्टा घेऊन जायची, डोक्याला बांधायची, धुरात डोळे चोळत बसायची. तिसऱ्या वर्षी तर मीच आधी म्हणाले, जाळ माझ्याकडे.

यंदा विज्ञानाच्या मॅडम बडजीवर होत्या. त्यांचा खांदा दुखत होता. मला म्हणाल्या, "जरा घ्या ना दोन मिनिटं." मी घेतलं. दहा-बारा घाव घातले असतील. वांग्याचा गर मऊ पडला होता, मिरचीचा ठसका नाकात जात होता, मला बरं वाटत होतं. तेवढ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी.

मी उठले. जाळाकडे गेले.  चौदा माणसं होती स्टाफची. मागे बघायचा धीर मला झाला नाही, कारण बघितलं असतं तर कुणाकुणाला कळलं ते मला कळलं असतं.

आम्ही बौद्ध आहोत. हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. नेमणुकीच्या दिवशीच माहीत झालं, कागदावर असतंच. मी ते कधी लपवलं नाही आणि कुणी मला तोंडावर काही म्हटलंही नाही. म्हणून मी जाळासमोर बसून स्वतःला समजावत होते. अक्कांना घाई असेल. माझा हात बरोबर पडत नसेल. आणि एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत होते: माझ्या हाताचं चालत नसेल तर तीन वर्षं वांगी कशी चालली? ती तर मीच उलटते, मीच काढते.

उत्तर समोरच पडलं होतं. चित्रकलेचे सर भाजलेली वांगी सोलत होते आणि काळी सालं बांधावर फेकत होते. माझा हात लागतो तो सालीला. आणि साल निघून जातं.

 तरी मी उठून गेले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. मी काड्या पुढे सारत बसले. थोड्या वेळाने हेडसर टोपलं घेऊन आले. "मॅडम, अजून पंधरा-वीस भाजा. माणसं वाढली." मी भाजली. चांगली भाजली, कच्चं एकही ठेवलं नाही. मधे एक मोठं पातेलं घेऊन गडी कापूस वेचणाऱ्या मजुरांकडे गेला. सातपुड्याकडून आलेली माणसं होती ती, बायाबापड्या, बांधाच्या पलीकडे बसलेली. मी विज्ञानाच्या मॅडमना म्हणाले, "नानांचं मन मोठं आहे. आपल्याआधी मजुरांना दिलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कांद्याची पात निवडत राहिल्या.

मग पंगत बसली. मीही बसले. भरीत चांगलं झालं होतं. मी अक्कांना तसं सांगितलंसुद्धा.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण ॲडजस्ट हा शब्द मला त्यांनीच दिला.

आबा धुळ्याला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. मूळ आमचं गाव शिंदखेड्याकडचं. आबांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण साहेबांच्या तोंडचे इंग्रजी शब्द त्यांना भारी आवडायचे. अर्जंट, पेंडिंग, व्हिजिट. त्यांतला सगळ्यात लाडका ॲडजस्ट. एका खोलीत आम्ही सहा जण झोपायचो तेव्हा ॲडजस्ट. माझ्या बुटाचा अंगठा फाटला तेव्हा ॲडजस्ट. "थोडं ॲडजस्ट करी लेवानं, बेटा," असं ते म्हणायचे तेव्हा त्यात सक्ती नसायची, उलट एक ऐट असायची. आम्हाला वाटायचं हे शिकलेल्या माणसांचं काहीतरी आहे. फुटपाथवर मिळालेली एक जाडजूड डिक्शनरी त्यांनी मला आणून दिली होती. तिच्यात मी पहिल्यांदा शोधलेला शब्द हाच.

आबांकडे फोटोंचा एक अल्बम आहे. कचेरीत कुणी साहेब निवृत्त झाला, कुणाची बदली झाली की ग्रुप फोटो व्हायचा. साहेब खुर्च्यांवर, बाबू लोक मागे उभे, हार, नारळ, शाल. आबा पाहुण्यांना अल्बम दाखवतात आणि प्रत्येक पानावर बोट ठेवून सांगतात, "हाऊ फोटू मी काढेल शे." कुणीतरी दरवेळी म्हणायचं, तू फोटो काढ, तेवढं ॲडजस्ट कर. तीसेक वर्षांची नोकरी झाली. त्या अल्बममध्ये आबा एकाही फोटोत नाहीत.

मी लहानपणापासून तो अल्बम बघत आले. आबा त्यात कुठेच नाहीत, हे मात्र पार्टीच्या रात्री माझ्या लक्षात आलं. इंग्रजीत एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि एवढंसं दिसायला इतकी वर्षं लागली.

पार्टीनंतर दोन दिवसांनी आठवीच्या वर्गावर गेले. धड्यात तोच शब्द आला. मी मुद्दाम आणला असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. पण आलाच आहे तर सोडायचा नाही असं मी ठरवलं.

डिक्शनरीतले अर्थ फळ्यावर लिहिले. पहिले अर्थ सगळे वस्तूंचे. गाडीचा आरसा हलवून नीट करणे. चष्मा नाकावर बसवणे. पट्टा सैल किंवा घट्ट करणे. मग माणसाचा अर्थ: नव्या जागेची, नव्या परिस्थितीची सवय करून घेणे. मग मी पोरांना सांगितलं, आता डिक्शनरी मिटा. तुमच्या घरात, गल्लीत, बसमध्ये हा शब्द कोण वापरतं, कोणाला म्हणतं, कधी म्हणतं, ते मराठीत चार ओळींत लिहून आणा. आपण नंतर त्याचं इंग्रजी करू.

दुसऱ्या दिवशी एकेकाला उभं करून विचारलं. फळ्यावर मधे रेघ मारली. डावीकडे म्हणणारा, उजवीकडे ऐकणारा.

पप्पा मम्मीला म्हणाले. सासूबाई ताईला म्हणाल्या. दुकानदार म्हणाला, तुमचा साईज नाही, ॲडजस्ट करा. डॉक्टरच्या दवाखान्यातली बाई आजीला म्हणाली, बाक नाही, ॲडजस्ट करा. शेतमालक मजुराला. मोठा भाऊ लहान बहिणीला. फळा भरत गेला. उजवीकडे बायका, पोरी, म्हातारी, गरीब. डावीकडे बाकीचे. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, बसमधी बी म्हनतात. सरका, ॲडजस्ट करा."

"कोण म्हणतं बसमध्ये?"

तो विचार करत उभा राहिला. हुशार म्हणून कुणी त्याचं नाव घेत नाही, गणितात दोनदा नापास आहे. म्हणाला, "बसमधी उभा मानूस म्हनतो बसलेल्याले. बाकी सगळीकडे बसलेला म्हनतो उभ्याले."

मी खडू खाली ठेवला. जाड डिक्शनरीत जे नव्हतं ते ह्या पोराने एका दमात सांगितलं होतं.

तास संपल्यावर वह्या गोळा केल्या आणि स्टाफरूममध्ये तपासायला बसले. नवव्या की दहाव्या वहीवर नानांच्या नातीचं नाव होतं. गोड पोर आहे. अक्षर सुंदर, मधल्या सुट्टीत मला शोधत येते. तिने लिहिलं होतं:

"भरीत पार्टीच्या दिवशी पहिल्या भरताला एका मॅडमचा हात लागला म्हणून आजीने ते मजुरांना देऊन टाकलं आणि दुसरं करायला लावलं. मला खूप भूक लागली होती. मम्मी म्हणाली, थोडा वेळ ॲडजस्ट कर."

मी ते तीनदा वाचलं. मग सगळं ओळीने लागलं. ते पातेलं. ती पंधरा-वीस वांगी. माणसं वाढली नव्हती. माझा हात लागलेलं भरीत काढून टाकलं गेलं, आणि त्याच्या जागी जे आलं त्याची वांगी मीच भाजली होती. धूर खात. आणि मग पंगतीत बसून मी म्हणाले होते, अक्का, भरीत छान झालं. नानांचं मन मोठं आहे हेही मीच म्हणाले होते. आणि ज्यांच्याकडे ते पातेलं गेलं ते मजूर, त्यांना काय दिलं जातंय हे कुणी सांगितलं असेल?

मला राग आला असं म्हणणं कमी आहे. मला स्वतःची किळस आली. हात धुवावेसे वाटले, आणि हात धुवावेसे वाटले म्हणून आणखी संताप आला.

पोरीच्या वहीवर मी बरोबरची खूण केली. तिने शब्द बरोबर वापरला होता. तिचं वाक्य मी कुणाला दाखवणार नव्हते. घरी तिच्या पाठीवर वळ उठले असते, आणि खरं बोलल्याची शिक्षा तिला माझ्यामुळे झाली असती.

वही न दाखवता हेडसरांकडे गेले. विचारलं, पहिलं भरीत मजुरांना का दिलं?

हेडसर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अहो मॅडम, जुनी माणसं आहेत. मनात काही नसतं त्यांच्या. आणि तुमचा प्रस्ताव नानांच्या टेबलावर आहे, हे विसरू नका. एवढा महिनाभर ॲडजस्ट करा."

प्रस्ताव म्हणजे माझी नोकरी. मी विनाअनुदानित तुकडीवर आहे. अनुदानित पदावर जायचं तर संस्थेचा प्रस्ताव लागतो, आणि प्रस्तावाला अध्यक्षांची सही. सही झाली तर मी कायम. नाही झाली तर जूनमध्ये माझ्या जागी दुसरं कुणी आणता येतं, आणि माझ्या वयाला कुणी नव्याने घेत नाही. हे हेडसरांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

म्हणून मी गप्प बसले. होय, बसले. महिनाभर. रोज तास घेतले, रोज स्टाफरूममध्ये चहा प्यायले, विज्ञानाच्या मॅडमशी त्यांच्या नातवंडांच्या गप्पा मारल्या. आबांची लेक शोभत होते.

जानेवारी संपताना सूचनावही आली. आमच्या शाळेत कोणतीही सूचना वहीत लिहितात, शिपाई ती वर्गावर्गात फिरवतो, प्रत्येकाने वाचून सही करायची. सूचना दहावीच्या निरोप समारंभाची होती. शाळेच्या मैदानावर भरीत-पुरीचं जेवण. खाली कामांची वाटणी. फलकलेखन अमुक सर. सूत्रसंचालन अमुक मॅडम. वांगी भाजणे, आणि पुढे माझं नाव.

मी नववीच्या वर्गावर होते. पोरं उतारा लिहीत होती. शिपाईभाऊ वही घेऊन सगळ्यांत आधी माझ्याच दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, सही करा ना, अजून बठ्ठा मजला बाकी शे." तेही धुळ्याकडचे, माझ्याशी अहिराणीतच बोलतात; बठ्ठा म्हणजे सगळा.

मी पेन काढलं. माझ्या नावापुढे लिहिलं: "हे काम मी करणार नाही. मागील पार्टीत माझा हात लागलेले भरीत काढून मजुरांना देण्यात आले व दुसरे करण्यात आले. त्याचे कारण मला लेखी कळवावे." खाली सही केली, पूर्ण नावाने, आडनावासकट. सहीखाली चार ओळी जागा कोरी सोडली. आणि म्हणाले, "भाऊ, वही पुढे न्या."

त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. वही काखेत मारून पुढच्या वर्गावर गेले.

ती वही त्या दिवशी सगळ्या वर्गांत फिरली. सूचना वाचल्याची सही करावीच लागते, तो नियम हेडसरांनीच केलेला. माझ्या ओळी वाचून तेरा जणांनी सह्या केल्या. कुणाची सही बारीक झाली, कुणाची वाकडी. चित्रकलेच्या सरांनी सही करून वही परत मागवली आणि पुन्हा वाचली, असं शिपाईभाऊंनी सांगितलं.

विज्ञानाच्या मॅडम मधल्या सुट्टीत आल्या. डोळे भरलेले. "मला माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी विचारलं, "आणि दुसरी वांगी भाजू दिलीत?"

त्या रडायला लागल्या. मी त्यांची समजूत काढली नाही. आजवर अशा रडणाऱ्यांची समजूत मीच काढत आले होते.

संध्याकाळी नानांनी बोलावलं. ऑफिसात नाना, हेडसर आणि मी. टेबलावर सूचनावही, तिच्या शेजारी माझा प्रस्ताव. दोन्ही मुद्दाम मांडलेली. नाना चिडले नाहीत. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं.

"मॅडम, घरगुती गोष्टी शाळेच्या वहीत लिहीत नसतात. हे पान काढून टाकू. हेडसर नवी सूचना काढतील. मी प्रस्तावावर आत्ता सही करतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. चार वर्षं मी ज्या सहीची वाट बघत होते ती एक वीतभर लांब होती. खोटं कशाला सांगू, माझं मन त्या पेनाकडे धावलं. आईची औषधं आठवली. आबा सगळ्या नात्यात सांगत फिरतात, पोरगी हायस्कूलला इंग्रजीची मॅडम आहे, ते आठवलं. एक पान तर आहे. फाडलं की झालं. मग नाना म्हणाले, "आपण सगळे एका कुटुंबातले. थोडं तुम्ही ॲडजस्ट करा, थोडं आम्ही करतो."

मी विचारलं, "तुम्ही काय करणार, नाना?"

  हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले.

मी म्हणाले, "त्या पानावर तेरा जणांच्या सह्या आहेत. ते आता माझ्या एकटीचं नाही. माझ्या ओळींखाली जागा सोडली आहे. तुम्ही उत्तर लिहा."

नानांनी पेनाला टोपण लावलं. प्रस्ताव ड्रॉवरमध्ये गेला. मी बाहेर आले. पराक्रम केल्यासारखं काही वाटलं नाही. भीती वाटत होती.

रात्री आबांना फोन केला. आबांनी पहिला प्रश्न विचारला, "सही व्हयनी का?" मी सगळं सांगितलं. भरताचं, पातेल्याचं, वहीचं.  आबा म्हणाले, "नोकरी जाई बेटा."

"जाऊ शकते."

 मागे आईचा खोकला ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "वहीमा तुनी सही शे ना?"

"शे."

"मंग ऱ्हाऊ दे तठे." आणि फोन ठेवला.

निरोप समारंभाचं भरीत रद्द झालं. केटररचा पुलाव आला. स्टाफरूममध्ये कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, एकीमुळे पोरांच्या तोंडचं भरीत गेलं. सूचनावही हेडसरांच्या कपाटात कुलपात आहे. वही फिरून आली तेव्हा मी काढलेला त्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, आणि त्याची प्रत जोडून मी शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. पोचपावती घेतली आहे. माझ्या ओळींखालची जागा अजून कोरी आहे. प्रस्ताव ड्रॉवरमध्येच आहे. जूनमध्ये मला वर्ग मिळेल की नाही, मला माहीत नाही.

वर्गात मी तो शब्द अजूनही शिकवते. चष्म्याचा सांगते, आरशाचा सांगते, पट्ट्याचा सांगते. मग फळ्यावर मधे रेघ मारते आणि विचारते, कोण म्हणतं, कोणाला म्हणतं.

हिवाळा येईल. खान्देशात हिवाळा आला की वांगी येतात, आणि पुलावावर ही माणसं किती वर्षं काढणार? शेतात पुन्हा जाळ होईल, बडजी निघेल. मी जाणार आहे. शाळेने ठेवलं तर स्टाफबरोबर जाईन. काढून टाकलं तर बांधापलीकडे मजुरांच्या पंगतीत जाऊन बसेन आणि पातेलं आलं की ते का आलं ते त्यांना मोठ्याने सांगेन. पण शाळेत असले, तर जाळाकडे जाणार नाही. सरळ बडजीपाशी बसेन, दांडा हातात घेईन आणि सगळं भरीत मीच ठेचेन, मिरचीपासून पातीपर्यंत. ज्याला ते काढून टाकायचं असेल, त्याने माझ्यासमोर काढून टाकावं, आणि का ते तोंडाने सांगावं.